एमसीटी तेल: बाटलीतले उष्मांक आणि बाळाच्या पोटातले उष्मांक

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वजन वाढेनासे झाले की आमच्या नवजात अतिदक्षता विभागात डॉक्टर कधी कधी आईच्या दुधात एमसीटी, म्हणजे मध्यम साखळीच्या मेदाम्लांचे, तेल मिसळायला सांगतात. परिचारिका म्हणून ते भरण्याचे आणि पाजण्याचे काम माझ्याकडे असते.

तेलात खोट काढण्यासारखे काही नाही. त्याला रंग नाही, वासही जवळजवळ नाही. त्यातील मध्यम साखळीच्या मेदाम्लांना पित्ताची फारशी गरज लागत नसल्याने ती आतड्यातून थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात उतरतात. एका मिलिलिटरमध्ये सुमारे ७.७ किलोकॅलरी असतात. म्हणजे २० मिलिलिटर दुधात एरवी साधारण १३ किलोकॅलरी असतील, तर अर्धा मिलिलिटर तेलाने हिशेब १७ च्या जवळ जातो. अर्थात, कागदावर.

तेल दुधात विरघळत नाही. कितीही हलवले तरी थोड्या वेळाने तवंग वर येतोच. दट्ट्या हळूहळू ढकलणाऱ्या पंपात सिरिंज आडवी ठेवून फीड, म्हणजे एका वेळचे दूध, नळीवाटे बाळाच्या पोटात तासभर संथपणे सोडले, तर काही तेल सिरिंजमध्येच साचते, काही लांब नळीच्या आतल्या बाजूला चिकटते आणि बाळाच्या वाट्याला येते ते पातळ दूध. फीड संपल्यावर दट्ट्यापाशी उरलेला तुपकट थर धुऊन टाकताना मला दर वेळी चुकल्यासारखे वाटते. आईच्या दुधातली मूळ चरबीही अशीच मागे राहते, कारण ते डब्याच्या दुधासारखे होमोजिनाइझ, म्हणजे चरबीचे कण बारीक करून एकजीव, केलेले नसते, आणि त्यातले जवळजवळ निम्मे उष्मांक चरबीचेच असतात.

तेच फीड दट्ट्या काढलेल्या, उभ्या धरलेल्या सिरिंजमधून थोड्या वेळात आपोआप उतरू दिले तर नुकसान बरेच कमी होते. बाळाला ते सोसत नसेल आणि पंप लावावाच लागत असेल, तर सिरिंजचे तोंड वर येईल अशी तिरकी मांडणी करावी, म्हणजे तवंग आधी बाहेर पडतो. नळीही शक्य तितकी आखूड घ्यावी.

आम्ही वापरतो त्या बाटलीसोबतच्या पत्रकात उष्मांकांचा तक्ता ठळक आहे, मात्र यातले एक अक्षरही नाही. तेल काही प्रकारच्या प्लॅस्टिकला मऊ करते, हेही आम्हाला एका मोजमापाच्या कपाकडूनच कळले. तेलाला पाचपैकी चार गुण, पत्रकाला एक.