जुनी जिप्सी, गोव्याची खारी हवा आणि थरची वाळू: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गरम झाली की बंद पडते, पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवली की काही झालंच नाही अशी सुरू होते. जुन्या पेट्रोल फोर बाय फोरची (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या गाडीची) ही तक्रार सांगितली की मेस्त्री थेट टाकीतल्या पेट्रोल पंपावर बोट ठेवतो. या गाडीचे असे दोन पंप बदलून झाले, एक इथे गोव्यात आणि एक जैसलमेरला. दोन्ही जुने पंप नंतर बाहेर जोडून तपासले, दोन्ही ठणठणीत होते. खरा दोष 10 नंबरच्या पान्याने सुटणाऱ्या एका बोल्टखाली होता. पंपाची काळी अर्थची तार (करंट बॅटरीकडे परत नेणारी) त्या बोल्टने मागे बॉडीला जोडलेली होती आणि तिच्या लगखाली, म्हणजे तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली, हिरवट-तांबूस भुकटी साचली होती.

गाडी 2011 ची मारुती जिप्सी, 1298 सीसी, 16 व्हॉल्व्ह एमपीएफआय (म्हणजे पेट्रोल किती फवारायचं ते कॉम्प्युटर ठरवतो). सप्टेंबर ते एप्रिल या आठ महिन्यांत साडेनऊ हजार किलोमीटर झाले. त्यात डिसेंबरात कच्छ, फेब्रुवारीत जैसलमेर, साम, खुरी, तनोट, आणि उरलेलं सगळं गोव्यातच, पेडणे ते सांगे.

आता त्या बोल्टचं सविस्तर, कारण समुद्राजवळ राहणाऱ्या प्रत्येक जुन्या फोर बाय फोरमध्ये तो वाट बघत बसलेला असतो. चेसिसवर (खालच्या लोखंडी सांगाड्यावर) बसवलेल्या गाडीत इंजिन रबरी माउंटिंगवर असतं आणि बॉडीसुद्धा रबरी गुटक्यांवर. म्हणजे इंजिन, चेसिस आणि बॉडी ही विजेच्या हिशेबाने तीन वेगळी बेटं. त्यांना जोडणाऱ्या फक्त अर्थच्या पट्ट्या आणि तारा. पट्टी तांब्याची, बॉडी लोखंडाची, मध्ये खारट ओल. एवढ्यावर गंज सुरू होतो आणि तो लगच्या खालून, न दिसता वाढतो.

गोव्यात यात आणखी एक भर पडते. पावसाआधी मे महिन्यात सगळेच गाडीखाली काळं कोटिंग मारून घेतात. मारणारा माणूस अर्थचे बोल्ट झाकत नाही, त्यांच्यावरूनच फवारा मारतो. वरून बोल्ट छान काळाभोर दिसतो, आत आधीची ओल कोंडली जाते. दर वर्षी एक थर. या गाडीवर चार थर निघाले. गंज लागू नये म्हणून दिलेल्या पैशांतूनच हा गंज पोसला गेला, याची चीड अजून गेलेली नाही.

मग खरा दोष गोव्यातच का कळला नाही? इथे गाडी तासभर पळते आणि थांबते. वाळूत फोर-लो (चारही चाकांना कमी वेग आणि जास्त ताकद देणारा गिअर) टाकून ताशी आठ-दहा किलोमीटरने दोन तास चालवली की दिवे आणि टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर यांचा भार एकाच वेळी त्याच अर्थवर येतो. गणित सोपं आहे. सांध्यात 0.1 ओहम अडथळा असेल तर एकट्या पंपाच्या 5 अँपिअरला अर्धा व्होल्ट खर्च होतो, आणि त्याच वाटेने 20 अँपिअर परतू लागले की 2 व्होल्ट. तांब्याचा अडथळा दर अंशाला सुमारे 0.4 टक्क्याने वाढतो, म्हणून तापल्यावर अजून थोडं बिघडतं. पंपाला व्होल्ट कमी, म्हणून दाब कमी, म्हणून गाडी गुदमरते. थंड झाली, भार उतरला, की पुन्हा चालते. त्यामुळे लक्षणं हुबेहूब पंप गेल्याची दिसतात.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू, दिवे आणि कॉम्प्रेसर चालू. लाल टोक पंपाच्या अर्थच्या तारेवर, काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावरच लावायचं, त्याच्या क्लॅम्पवर नाही. क्लॅम्पखालीही गंज असतो. काटा 0.2 व्होल्टच्या आत हवा. अर्ध्याच्या वर गेला तर सांधा खराब. इथे 1.9 निघाला. बॅटरीवर 13.9 आणि पंपाच्या दोन टोकांमध्ये जेमतेम 11.6, म्हणजे उरलेले 0.4 रिलेच्या (पंपाला वीज सोडणाऱ्या स्विचच्या) बाजूला जात होते. हीच चाचणी इंजिनच्या ब्लॉकवर स्टार्टर मारताना करावी. नुसतं ओहम मोजून उपयोग नाही, कारण मल्टिमीटरच्या किरकोळ करंटला सडलेली तारही चांगलीच वाटते. भार असतानाच खरं दिसतं.

रानात असताना तात्पुरता उपाय: जंपर केबलचं एक टोक आधी मागे बॉडीच्या उघड्या धातूला, टाकीच्या तोंडापासून लांब, आणि दुसरं नंतर इंजिनच्या ब्लॉकला. शेवटचं टोक लावताना ठिणगी उडते, ती पेट्रोलजवळही नको आणि बॅटरीजवळही नको. यावर गाडी सामपासून जैसलमेरपर्यंतचे 40 किलोमीटर एकदाही न अडखळता आली.

कायमचा उपाय अर्ध्या दिवसाचा आहे. बॅटरीचं निगेटिव्ह काढा. प्रत्येक अर्थचा बोल्ट सोडा, रुपयाएवढा गोल भाग पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. कथिलाचा मुलामा असलेली लग दाबून बसवा, खाली दातेरी वॉशर, बोल्ट घट्ट. धातूला धातू भिडल्यानंतरच वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन, आणि सगळ्यात शेवटी रंग. हा क्रम उलटला तर पुन्हा तेच. इंजिन ते चेसिस आणि चेसिस ते बॉडी 16 चौरस मिलिमीटरची केबल, पंपासाठी थेट बॅटरीपर्यंत 4 चौरस मिलिमीटरची वेगळी तार. मुलामा दिलेली केबल ट्रॉलरच्या वायरिंगचं सामान ठेवणाऱ्या जेटीजवळच्या दुकानांत मागावी. गाड्यांच्या दुकानात मिळणारी नागडी तांब्याची केबल किनाऱ्यावर आतून काळी पडते. सगळं मिळून नऊशे रुपये लागले. दोन पंपांचे, मजुरीसकट, साडेअकरा हजार गेले. गोव्यातल्या गॅरेजने पैसे परत द्यायला नकार दिला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, पंप काढण्यापूर्वी त्याच्या टोकांवर व्होल्ट मोजले का, या प्रश्नाला तिथे उत्तरच नव्हतं. पंप बदलायला देणाऱ्याने आधी हा आकडा मागावा.

टायरबद्दलचं मत मात्र मधेच पूर्ण बदललं. गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या लाल चिखलात मड टायर उत्तम, म्हणून तेच घालून कच्छ गाठलं होतं. वाळूत त्यांचे खोल दात फावड्यासारखे खणतात आणि गाडी अ‍ॅक्सलपर्यंत बसते. जैसलमेरला साधे ऑल-टेरेन (सगळ्या प्रकारच्या रस्त्यांसाठीचे टायर) होते आणि फरक रात्र-दिवसाचा होता. त्याहून महत्त्वाचा हवेचा दाब. रस्त्यावर 26 पीएसआय, वाळूत 16, अडकल्यावर 12. ट्यूब असलेल्या टायरमध्ये याच्या खाली जाऊ नये, टायर रिमवर घसरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. मोजमाप सकाळी गार टायरवरच करायचं. पहाटे सात-आठ अंश आणि दुपारी तीस अशा हवेत दाब दोन-तीन पीएसआयने आपोआप वाढतो. याचा सराव गोव्याच्या किनाऱ्यावर करायचा मोह होतो, पण समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालणं इथे बेकायदा आहे, आणि ते योग्यच आहे.

पुढची चाकं त्यांच्या शाफ्टला जोडणारे-सोडणारे, हाताने फिरवायचे हब सुरुवातीला कटकट वाटत होते. आता ते हवेतच असं ठाम मत आहे. बंद-चालू काय आहे ते डोळ्यांनी दिसतं, त्यात बिघडण्यासारखी व्हॅक्यूमची नळी नाही. पण महिनाभर मोकळे राहिले तर पुढच्या अ‍ॅक्सलच्या सांध्यांतलं ग्रीस एका बाजूला बसतं. महिन्यातून एकदा हब लॉक करून आठ-दहा किलोमीटर कच्च्या रस्त्यावर फोर-हायमध्ये (चारही चाकं, नेहमीचा वेग) चालवा. कोरड्या डांबरावर नको. मध्ये डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा) नसल्याने पुढची-मागची चाकं एकमेकांना पीळ देतात आणि लिव्हर अडकून बसतो.

डिफरन्शियलचे ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी बारीक तोंडं) उघडून बघा. सांग्याकडच्या खाणपट्ट्यातला चिखल त्यांत सिमेंटसारखा घट्ट बसतो. मग तापलेल्या हौजिंगमधला दाब ऑइल सीलमधून बाहेर पडतो, आणि लोक सील बदलत बसतात. ऑइल दुधी दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला.

कूलिंगचा त्रास झाला नाही. नवीन होज, कॅपचा नवा रबर, डिस्टिल्ड पाण्यात अर्धं-अर्धं कूलंट, एवढंच केलं होतं. गोव्यात बरेच मेस्त्री थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकतात. एमपीएफआय गाडीत ते करू नका. इंजिन थंडच आहे असं कॉम्प्युटरला वाटत राहतं आणि तो पेट्रोल जास्त ओततो. वाळवंटात हे परवडत नाही. टाकी 40 लिटरची, रस्त्यावर दहाचा अ‍ॅव्हरेज, वाळूत साडेचार. रामगडला भरून निघालं तरी सोबत 20 लिटरचा लोखंडी जेरीकॅन लागतोच, तो गळ्यापर्यंत न भरता. प्लॅस्टिकचा कॅन अजिबात नको.

सस्पेन्शनच्या पाट्यांचे यू-बोल्ट पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा घट्ट केले, तेव्हा त्यांतले दोन अर्धा फेरा फिरले. प्रोपेलर शाफ्टच्या (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसना, म्हणजे सांध्यांना, दर हजार किलोमीटरला ग्रीस, जुनं बाहेर डोकावेपर्यंत. एअर फिल्टर बाहेरून जोराची हवा मारून साफ करू नये, कागदाला न दिसणारी छिद्रं पडतात. हलकेच आपटायचा आणि एक नवा सोबत ठेवायचा. रबरी कडेवर धुळीची रेघ दिसली तर फिल्टर नीट बसलेला नाही.

कच्छचं रण हे वाळवंट असलं तरी वाळूचं नाही. वर खारट पापुद्रा आणि खाली चिकट काळा गाळ. धोळावीराकडून परतल्यावर त्याच संध्याकाळी गाडी खालून धुवायला हवी होती, ते तीन दिवस लांबलं. मागच्या शॅकलवर (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीवर) तेवढ्यात नारिंगी पापुद्रे आले. मिठाचं पाणी रबरी गुटक्यांच्या आत शिरतं, म्हणून वरून फवारा पुरत नाही, शॅकलमध्ये तिरका पाइप धरून साध्या पाण्याने दहा मिनिटं तरी धुवा.

सध्या गाडीत दोन गोष्टी राहिल्यात. डाव्या पुढच्या चाकाच्या नकलचं (चाक वळवणाऱ्या सांध्याचं) सील पाझरतंय, अ‍ॅक्सलमधलं ऑइल तिथल्या ग्रीसमध्ये मिसळून ते पातळ झालंय. सीलचा सेट आणि किंगपिनची (नकल ज्यावर फिरतो त्या खिळीची) बेअरिंगं आणून ठेवलीत, पाऊस लागायच्या आत बसतील. आणि यंदा कोटिंगला देण्याआधी सातही अर्थच्या बोल्टांवर मास्किंग टेप लावायची आहे.