स्टीलचा सांगाडा, नागपूरचा उन्हाळा आणि कूलरचे पाणी: प्रीफॅब घराचे एक वर्षानंतरचे परीक्षण

काटोल रस्त्यावर फेटरीच्या पुढे असलेल्या आमच्या प्लॉटवर आम्ही मागच्या वर्षी ७६० चौरस फुटांचे प्रीफॅब, म्हणजे कारखान्यात तयार केलेले भाग जागेवर जोडून बांधलेले, घर उभे करून घेतले. सांगाडा स्टीलचा घ्यावा की लाकडाचा, या एका प्रश्नावर घरात जवळजवळ चार महिने चर्चा चालली होती. स्टीलच्या घराचा दर चौरस फुटाला १,९५० रुपये आला आणि दाबाखाली औषध मुरवलेल्या आयात पाइन लाकडाच्या घराचा २,९००. म्हणजे एवढ्याशा घरामागे सुमारे सव्वासात लाखांचा फरक. दोन्ही दरांत जोते धरलेले नव्हते. शेवटी आम्ही स्टील घेतले. आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्या घरात काढून झाल्यावर हे लिहीत आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण ज्या उणिवा मला आढळल्या, त्या मी पाहिलेल्या इतर कोटेशनांमध्येही कमीअधिक तशाच होत्या.

लाकडाचा विचार आम्ही का केला, हे आधी सांगायला हवे. लकडगंजात आरामशीनवर आयुष्य घालवलेले आमचे काकाजी सागवानाखेरीज दुसऱ्या लाकडाला लाकूड मानत नाहीत. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ साली बल्लारशाच्या आगारातून सागवान गेले, ही गोष्ट ते अजूनही प्रत्येक पाहुण्याला सांगतात. मात्र संपूर्ण सांगाड्याला सागवान वापरायचे म्हटल्यावर त्यांनीच हिशेब करून कागद बाजूला सारला आणि ‘दारं-खिडक्या सागाच्या कर, बाकी तुझं तू पाहा’ असे म्हणाले. म्हणजे प्रत्यक्षात निवड होती ती कारखान्यात दुमडलेल्या पातळ स्टीलच्या पट्ट्या आणि कांडल्याकडून येणारे आयात पाइन यांच्यात.

आमच्या घराच्या भिंतीत ८९ मिलिमीटर रुंदीचे आणि ०.९५ मिलिमीटर जाडीचे स्टड, म्हणजे भिंतीतल्या उभ्या पट्ट्या, दोन-दोन फुटांवर आहेत. बाहेरून १० मिलिमीटरचा सिमेंट फायबर बोर्ड, आतून साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड आणि मधल्या पोकळीत ५० मिलिमीटर रॉकवूल, म्हणजे उष्णता अडवणारी दगडी लोकर. चलानावर सांगाड्याचे वजन सव्वादोन टन भरले. एवढे हलके घर उभे राहताना पाहून शेजारच्या शेतमालकांनी ‘वावटळीत उडून तर नाही जाणार ना’ असे विचारले. हा प्रश्न त्यांना वाटला असेल त्यापेक्षा अधिक शास्त्रशुद्ध आहे. भूकंपासाठीच्या भारतीय मानकाच्या, म्हणजे आय.एस. १८९३ च्या, २०१६ च्या आवृत्तीत नागपूर भूकंपाच्या सर्वांत सौम्य, म्हणजे दुसऱ्या विभागात मोडते. उलट वाऱ्यासाठीच्या आय.एस. ८७५ च्या तिसऱ्या भागात नागपूरचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर धरला आहे. त्यामुळे हलक्या घराबाबत खरी काळजी घ्यायची ती वाऱ्याने छप्पर वर उचलले जाण्याची, आणि ती स्टीलला व लाकडाला सारखीच लागू आहे. कंपनीच्या अभियंत्याकडून मी वाऱ्याच्या भाराचे गणित लेखी मागितले आणि सांगाडा जोत्याला जखडणाऱ्या अँकर बोल्टचे अंतर नकाशावर लिहून घेतले. या बाबतीत त्यांचे काम चोख होते, हे मान्य केले पाहिजे.

जोत्याबद्दल थोडक्यात सांगतो. आमच्याकडे काळी माती आहे. पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी ही माती जड घरापेक्षा हलके घर सहज उचलते, म्हणून ‘प्रीफॅबला पाया हलका चालतो’ हे विक्रेत्याचे वाक्य आमच्या भागात तरी ऐकून घेऊ नये. आम्ही मुरूम लागेपर्यंत, म्हणजे साडेचार फूट माती काढली. त्याचा खर्च वेगळा झाला, पण वर्षभरात एकाही बोर्डाच्या सांध्याला तडा गेलेला नाही.

आता मुख्य मुद्दा उष्णतेचा. स्टील हे लाकडापेक्षा तीनशेपटींहून अधिक उष्णता वाहून नेते. भिंतीच्या पोकळीत कितीही चांगले रॉकवूल भरले, तरी दर दोन फुटांवरचा स्टीलचा स्टड बाहेरच्या तापलेल्या बोर्डाला आतल्या बोर्डाशी सरळ जोडत असतो, आणि अशा स्टडमुळे पोकळीतल्या लोकरीचा उपयोग साधारण निम्म्यावर येतो. लाकडी स्टडच्या भिंतीत हे नुकसान फारच कमी असते. लाकडाच्या बाजूने नागपुरात एकच युक्तिवाद करायचा असेल, तर तो हाच आहे, आणि आमच्याकडे आलेल्या स्टीलच्या एकाही विक्रेत्याने तो आपणहून बोलून दाखवला नाही. त्यांच्या माहितीपत्रकात रॉकवूलची घनता ठळक अक्षरांत असते, पण स्टडच्या रेषेवर काय होते याचा उल्लेख नसतो.

यावरचा उपाय म्हणजे सांगाड्याच्या बाहेरून, बोर्डाच्या आत, अखंड फोमचा थर चढवणे, म्हणजे स्टील आणि बाहेरचा बोर्ड यांचा थेट स्पर्शच राहत नाही. बजेट संपत आल्यामुळे आम्ही २५ मिलिमीटरचा थर फक्त पश्चिमेच्या भिंतीला आणि छताखाली घेतला, पूर्वेची भिंत तशीच ठेवली. हा कंजूषपणा होता, पण त्यामुळे तुलना करायला सोय झाली. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना सकाळी दहा वाजता इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन मी पूर्वेच्या भिंतीवर आतून फिरलो, तेव्हा स्टडच्या रेषेवर मधल्या भागापेक्षा साडेतीन ते चार अंश जास्त तापमान दिसत होते. डोळे मिटून तळहात फिरवला, तरी स्टड कुठे आहे ते कळत होते. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी चार वाजताही तसा फरक जेमतेम अर्धा-एक अंश होता. दक्षिणेच्या भिंतीची काळजी मात्र आम्ही उगाच केली. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य थेट डोक्यावर असतो, त्यामुळे त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला फारसे ऊन लागतच नाही. पैसे मोजकेच असतील, तर ते आधी छताला, मग पश्चिमेला, मग पूर्वेला लावावेत.

रात्रीचा अनुभव मात्र अनपेक्षितपणे चांगला आहे. शहरातल्या आमच्या जुन्या विटांच्या घरात भिंती मध्यरात्रीपर्यंत धग सोडतात. हे घर सूर्य मावळल्यावर तासाभरात निवते. हा हलक्या भिंतींचा गुण आहे, तो लाकडी सांगाड्यातही मिळाला असता. सांजवेळी छताच्या पत्र्यातून टकटक आवाज येतो, त्याची मात्र सवय करून घ्यावी लागते. सहा मीटर लांबीचे स्टील ४० अंशांच्या फरकाने जवळपास तीन मिलिमीटर लांब होते आणि ती लांबी परत आवळून घेताना ते बोलतेच. पहिल्या आठवड्यात आईला घरात कुणीतरी शिरल्यासारखे वाटायचे.

नागपुरात घराचा विचार कूलरशिवाय पुरा होत नाही, आणि प्रीफॅबच्या माहितीपत्रकांत कूलरचा शब्दही नसतो. मेच्या कोरड्या दुपारी मोठा डेझर्ट कूलर तासाला दहा-बारा लिटर पाणी सहज संपवतो, आणि ते सगळे पाणी वाफ होऊन घरातल्या हवेत येते. समोरची खिडकी उघडी असेल तोवर ठीक; पण जूनच्या मध्यात दमट हवा सुरू झाल्यावर लोक सवयीने कूलर चालूच ठेवतात आणि मग बोर्ड, लाकूड, स्टील सगळेच ओलावा झेलत बसतात. लाकूड धाग्याच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, पण आडवे फुगते आणि आकसते. मेचा कोरडेपणा आणि ऑगस्टचा दमटपणा यांत ९० मिलिमीटर रुंदीच्या पाइनच्या पट्टीत एक-दीड मिलिमीटरचा फरक पडू शकतो. पेंचकडच्या एका रिसॉर्टमधील लाकडी सांगाड्याची कॉटेज आम्ही निर्णयापूर्वी मुद्दाम पावसाळ्यात पाहिली होती. तिथली दोन दारे खांदा लावल्याशिवाय बंद होत नव्हती आणि कोपऱ्यातल्या बोर्डांचे सांधे उकलले होते. स्टीलच्या बाजूने माझे मत झुकले ते बहुधा तिथेच.

स्टील ओलाव्याने फुगत नाही, ते गंजते. आमच्या पट्ट्यांवर ॲल्युमिनियम आणि जस्ताचा लेप आहे, त्यात ५५ टक्के ॲल्युमिनियम, आणि दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला १५० ग्रॅम. लेप चांगला आहे, पण ॲल्युमिनियमचे ओल्या सिमेंटशी जमत नाही, म्हणून सर्वांत खालची आडवी पट्टी आणि जोते यांच्यामध्ये ओल अडवणारा पट्टा टाकणे आवश्यक असते. आमच्या फिटरांनी तीन बाजूंना तो टाकला आणि स्वयंपाकघराच्या बाजूला विसरले. माझ्या लक्षात आले तेव्हा बोर्ड लावून झाले होते. दोन दिवसांच्या वादानंतर त्यांनी खालचे बोर्ड काढून पट्टा सरकवून दिला. दुसरी तक्रार ग्राइंडरची. पट्टी कापायला कातरीऐवजी ग्राइंडर चालवला की ठिणग्यांनी कडेचा लेप जळतो, आणि नेमक्या कूलरच्या खिडकीखाली त्यांनी तेच केले. वर जस्ताचा रंग मारला आहे, पण तिथे पहिला गंज दिसेल अशी माझी अटकळ आहे. कूलर आम्ही आता भिंतीला न टांगता बाहेर वेगळ्या चौथऱ्यावर ठेवला असून त्याचे पाणी नाली करून लिंबाच्या आळ्यात सोडले आहे.

उधईबद्दल, म्हणजे वाळवीबद्दल, विक्रेते जे सांगतात, त्यातले अर्धे खरे आहे. उधई स्टील खात नाही, पण दारांच्या चौकटी, कपाटांचे प्लायवूड आणि जिप्सम बोर्डावरचा कागद ती आवडीने खाते. ‘उधईमुक्त घर’ असे म्हणून कंपनीने जोत्याखालची फवारणी कोटेशनमधून वगळली होती. ती आय.एस. ६३१३ प्रमाणे वेगळे पैसे देऊन करून घेतली. पाइनचे घर घेतले असते, तर हीच फवारणी आणि शिवाय लाकडात औषध खरेच किती खोल मुरले आहे याची चिंता, असे दुहेरी ओझे झाले असते.

आगीच्या बाबतीत लोकांची समजूत सरसकट स्टीलच्या बाजूने असते, ती मला पटत नाही. जाड लाकूड बाहेरून कोळसा होत मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास हळूहळू झिजते, तर स्टीलची निम्मी ताकद साडेपाचशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान जाते आणि मिलिमीटरभर जाडीची पट्टी तिथवर फार लवकर पोहोचते. दोन्हीकडे घर वाचवतो तो जिप्सम बोर्ड, म्हणून स्वयंपाकघरात आम्ही तो दुहेरी लावला.

राहण्याच्या सोयीत लाकूड सरस आहे, हे कबूल करतो. लाकडी स्टडमध्ये गावातला कोणताही सुतार खिळा ठोकून जाईल, पण इथे प्रत्येक वस्तूला सेल्फ ड्रिलिंग स्क्रू लागतो, आणि जड वस्तू कुठे टांगायची ते बोर्ड लावण्याआधी ठरवावे लागते. आईच्या झोपाळ्यासाठी आणि गीझरसाठी आम्ही आत प्लायवूडचे आडवे ठोकळे बसवून घेतले होते. देवघराचा मात्र विसर पडला आणि देव्हारा शेवटी जमिनीवरच्या चौरंगावर आला. सांगाड्याला अर्थिंग स्वतंत्र करून घ्यावे आणि वायरी जिथे स्टीलच्या छिद्रांतून जातात तिथे रबरी बुशे आहेत का, ते उभे राहून तपासावे. आमच्याकडे चार ठिकाणी नव्हती.

सेवेविषयी. सांगाडा चार दिवसांत उभा राहिला आणि तो ओळंब्याला इतका सरळ होता की टाइल्सवाल्या मिस्त्रीने त्याबद्दल स्वतःहून दाद दिली. मात्र ३५ दिवसांचे पूर्ण काम ५२ दिवसांवर गेले, आणि पहिल्या पावसात पश्चिमेच्या खिडकीच्या वरून पाणी झिरपले, तेव्हा माणूस यायला तीन फोन आणि नऊ दिवस लागले. आलेला माणूस जाणकार होता. सीलंटचे थर देत न बसता त्याने खिडकीवरची पत्र्याची पट्टी काढून उतार बदलून पुन्हा बसवली, त्यानंतर गळती नाही. करारात पाच टक्के रक्कम पहिला पावसाळा संपेपर्यंत रोखून धरण्याची अट मी घातली होती, ती नसती तर हा माणूस आला असता का, याची मला शंका आहे.

आज पुन्हा निवड करायची झाली, तर सांगाडा स्टीलचाच घेईन, दारे-खिडक्या काकाजींच्या सागाच्याच ठेवीन, आणि टाइल्स साध्या घेऊन वाचलेल्या पैशांत चारही बाजूंना फोमचा थर लावीन. सावनेर किंवा रामटेककडे झाडांच्या गर्द सावलीत, उंच जोत्यावर आणि कूलरविना राहणाऱ्या माणसाने पाइनचा विचार अवश्य करावा. उघड्या माळावरच्या आमच्यासारख्या प्लॉटला मी तो सुचवणार नाही. आमच्या पूर्वेच्या भिंतीचे काम मार्चपूर्वी करायचे ठरले आहे. त्याच कंपनीकडून दर मागवला, तेव्हा पहिल्या कोटेशनमध्ये नुसते ‘इन्सुलेशन’ एवढेच लिहून आले होते; मी ते परत पाठवले, आणि दुसऱ्या कोटेशनमध्ये फोमची जाडी, घनता आणि सांध्यांवरची टेप अशा तीन ओळी आल्या आहेत.