पर्सिअसवर ग्रीक शोकांतिका: फुकट आहे, भरपूर आहे, पण पात्रांच्या नावांवर विसंबू नका

ग्रीक शोकांतिका बसवायला घेणाऱ्या नाशिकच्या नाट्यसंस्था आणि एम.ए.ला ती नेमलेली आहे म्हणून वाचणारी मुलं, दोघांची अडचण एकच. हातात एखादा इंग्रजी अनुवाद असतो, फार तर त्यावरून केलेलं मराठी रूपांतर. त्यातलं कुठलं वाक्य नाटककाराचं, कुठलं संपादकाने सुचवलेलं आणि कुठलं अनुवादकाने पदरचं घातलेलं, हे कळायला मार्ग नसतो. टिपांसह छापलेल्या ग्रीक आवृत्त्या कॉलेज रोडच्या दुकानांत सहज मिळत नाहीत, आणि बाहेरून मागवायच्या तर खिशाला परवडत नाहीत. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचं पर्सिअस हे डिजिटल ग्रंथालय यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, कारण त्याला पैसेच पडत नाहीत. नोंदणी नाही, पासवर्ड नाही. काम १९८०च्या दशकातलं. मुख्य साइटची आजची रचना २००५ सालची आहे आणि ते वय तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

एस्किलस, सोफोक्लीज आणि युरिपिडीज यांच्या नावावर आज उरलेली ३३ नाटकं इथे ग्रीकमध्ये आणि इंग्रजीत आहेत. सोफोक्लीजसाठी तर लॉटरीच. रिचर्ड जेब या केंब्रिजच्या पंडिताने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलेला गद्य अनुवाद आणि ओळीओळीवरच्या त्याच्या टिपा, दोन्ही उपलब्ध आहेत. जोडीला लिडल-स्कॉट-जोन्सचा मोठा ग्रीक कोश आणि स्मिथचं व्याकरण. एवढं सामान एका ठिकाणी, तेही फुकट, दुसरीकडे मिळणं अवघड.

वापरायचं कसं ते आधी. ग्रीक आणि रोमन संग्रहात जाऊन नाटक निवडलं की मधल्या भागात ग्रीक मजकूर येतो आणि उजवीकडे अनुवाद, टिपा, संदर्भ अशा पेट्या येतात. प्रत्येक पेटीला दोन बटणं असतात: 'लोड' दाबलं तर तो मजकूर शेजारीच उघडतो, 'फोकस' दाबलं तर तोच मधोमध येतो आणि ग्रीक बाजूला जातं. नवखे इथेच गोंधळतात; 'लोड'च दाबावं. हव्या त्या ओळीवर उडी मारायला वरच्या चौकटीत लेखकाचं आणि नाटकाचं इंग्रजी संक्षिप्त नाव टाकून पुढे ओळ क्रमांक लिहायचा. ग्रीक लिपी अडत असेल तर डिस्प्लेच्या पर्यायांत जाऊन मजकूर रोमन लिपीत करून घेता येतो. कुठल्याही शब्दावर क्लिक केलं की त्याचं लिंग, वचन, विभक्ती किंवा काळ दाखवणारी खिडकी उघडते आणि तिथून कोशाकडे जाता येतं.

ग्रीक अजिबात न येणाऱ्यालाही यातून काय काढता येतं, ते 'ईडिपस'वर पाहा. ओळ १२२ मध्ये ईडिपस राजाचा मेहुणा क्रेऑन सांगतो की आधीचा राजा लायस याला दरोडेखोरांनी मारलं, एकाच्या बळाने नाही तर अनेकांच्या हातांनी. तिथल्या शब्दावर क्लिक केलं की खिडकी सांगते: अनेकवचन. दोनच ओळी पुढे, १२४ मध्ये, ईडिपस विचारतो की पैशाची फूस असल्याशिवाय दरोडेखोराची एवढी हिंमत कशी झाली. क्लिक करा: एकवचन. नाटकात फार पुढे, ८४५ व्या ओळीत, लायसला आपणच तर मारलं नाही ना अशी शंका आलेला ईडिपस स्वतःच या फरकाला लटकतो. एक आणि अनेक सारखे होऊ शकत नाहीत, म्हणजे साक्षीदार 'अनेक' म्हणाला तर आपण सुटलो. बर्नार्ड नॉक्सने १९५०च्या दशकात ईडिपसच्या बोलण्यातली न्यायालयाची, वैद्यकाची आणि गणिताची परिभाषा उलगडून दाखवली. ही 'एक बरोबर अनेक' ओळ त्यात नेमकी बसते. पण १२४ मधलं ते एकवचन म्हणजे राजाच्या तोंडून निसटलेलं सत्य, की क्रेऑनवरच्या संशयाची पहिली चाहूल, की नुसती बोलण्याची पद्धत? तिन्ही मतांना समर्थक आहेत. आपल्या हातातल्या रूपांतरात तिथे 'दरोडेखोरांची' असं अनेकवचन झालं असेल तर ही चर्चाच संपते, आणि नटाला ती ओळ कशी टाकायची हा प्रश्नही पडत नाही. दहा मिनिटांत तपासून होणारी गोष्ट आहे.

आता जिथे पर्सिअस फसवतं ती जागा. 'अँटिगनी', ओळी ५२६ ते ५८१. बंदी मोडून भावाला पुरल्याबद्दल राजा क्रेऑनने अँटिगनीला मरणाची शिक्षा सुनावली आहे; क्रेऑनचा मुलगा हायमन हा तिचा होणारा नवरा. तिची बहीण इस्मेनी बाहेर येते आणि तिघंही समोर असतात. ५६८ पासून इस्मेनी क्रेऑनला धारेवर धरते: स्वतःच्या मुलाच्या वधूला मारणार का? दोघांमध्ये एकेका ओळीची झटापट सुरू होते. आणि ५७२ वी ओळ येते: लाडक्या हायमन, तुझा बाप तुझा किती अपमान करतोय! पर्सिअसवर जेबच्या अनुवादात या ओळीपुढे नाव आहे अँटिगनीचं. ठळक अक्षरात, शंका घ्यायला जागा न ठेवता.

हस्तलिखितांत मात्र ही ओळ इस्मेनीची आहे. ती अँटिगनीला दिली १५०२ साली व्हेनिसमध्ये आल्डसने छापलेल्या आवृत्तीने, आणि जेबने तोच निर्णय उचलला. त्याची बाजू अगदीच पोकळ नाही. पुढच्याच ओळीत क्रेऑन म्हणतो, तू आणि तुझं ते लग्न, दोघांनी वैताग आणलाय. 'तुझं लग्न' म्हणजे अँटिगनीचं, तेव्हा आधीची ओळही तिचीच, असा जेबचा तर्क. उलट बाजूचे अभ्यासक सांगतात की ग्रीकमध्ये 'तुझं' याचा अर्थ 'तू सारखं ज्याचं नाव घेतेस ते' असाही होतो. युरिपिडीजच्या 'हिप्पोलिटस'मध्ये ११३ व्या ओळीत नायक 'तुझी ती अफ्रोडाइटी' असं म्हाताऱ्या नोकराला म्हणतो, ते याच अर्थाने. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. भाचीच्या लग्नाचं टुमणं लावणाऱ्या मावशीला 'तुझं ते लग्न ठेव बाजूला' असं आपण म्हणतोच. शिवाय दोघांची एकास एक जुगलबंदी चालू असताना तिसऱ्याने मध्येच एक ओळ टाकून गप्प बसणं ग्रीक शोकांतिकेच्या रीतीत बसत नाही. लॉइड-जोन्स आणि विल्सन यांच्या १९९० च्या ऑक्सफर्ड आवृत्तीत ओळ इस्मेनीकडे परत गेली आहे. आम्हालाही तेच पटतं.

पटण्याचं कारण नाटकात आहे. पर्सिअसचा शोध वापरून 'हायमन' हे नाव नाटकात कुठे कुठे येतं ते काढा. सगळ्या विभक्तिरूपांसह शोधण्याचा पर्याय निवडा, नाहीतर निम्म्या जागा हुकतील. ५७२ बाजूला ठेवली तर अँटिगनीच्या तोंडी हे नाव एकदाही नाही. कबरीकडे जाताना ती अविवाहित राहिल्याचं दुःख करते, कबरीलाच लग्नाची खोली म्हणते, पण होणाऱ्या नवऱ्याचं नाव घेत नाही. दोघं रंगमंचावर एकत्र येतच नाहीत. हायमन बापाशी भांडतो तेही शहरात लोक काय बोलतात यावरून. प्रेमाचं गाणं कोरस गातो, हायमन गेल्यावर. म्हणजे एका नावाच्या जागी दुसरं छापलं की अख्ख्या नाटकात प्रेमकथेचा धागा घुसतो. मग दिग्दर्शक त्या ओळीवर प्रकाश बदलतो, संगीत टाकतो. ओळ इस्मेनीची ठेवली तर आपल्याच लग्नाचा सौदा दोघं करत असताना अँटिगनी गप्प उभी राहते, आणि ते गप्प उभं राहणं करायला कितीतरी अवघड आहे.

जेबची ५७२ वरची टीप उघडली तर हस्तलिखितांत इस्मेनी आहे हे तो प्रामाणिकपणे सांगतो. पण टीप मुद्दाम उघडावी लागते. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पानाच्या तळाशी पाठभेदांची रांग असते, तशी काहीही सोय इथल्या ग्रीक पानावर नाही. आणि पात्रांच्या नावांबाबत तर हस्तलिखितंही फारशी विश्वासाची नव्हेत. सोफोक्लीजचं सगळ्यात महत्त्वाचं हस्तलिखित फ्लॉरेन्सला आहे, दहाव्या शतकातलं. नाटकानंतर सुमारे १४०० वर्षांनी लिहिलेलं. प्राचीन गुंडाळ्यांमध्ये बोलणारा बदलला की समासात एक छोटी आडवी रेघ ओढत. नाव बहुतेकदा नसेच. तेव्हा प्रत्येक नाव हा कुणीतरी कधीतरी घेतलेला निर्णय आहे. रंगसूचनांचंही तेच. 'हायमन येतो', 'वळून बघते' हे सगळं संपादकांचं. सोफोक्लीजने काय दाखवायचं ते संवादातच सांगून ठेवलंय.

'अँटिगनी'त आणखी एक जागा बघायलाच हवी: ९०४ ते ९२०. नवरा किंवा मूल मेलं असतं तर मी कायदा मोडला नसता, कारण ते पुन्हा मिळू शकतात, आईबाप गेल्यावर भाऊ मात्र मिळत नाही, असा अँटिगनीचा युक्तिवाद. १८२७ मध्ये जर्मन कवी गटेने हा भाग प्रक्षिप्त, म्हणजे नंतर कुणीतरी घुसडलेला, ठरावा अशी इच्छा बोलून दाखवली, जेबनेही तो सोफोक्लीजचा मानला नाही. पण ॲरिस्टॉटल 'ऱ्हेटॉरिक'मध्ये यातल्याच ओळी देतो, आणि हेरोडोटसच्या तिसऱ्या खंडात इंटाफर्नीजच्या बायकोची अशीच गोष्ट आहे. हे दोन्ही ग्रंथ पर्सिअसवर असल्यामुळे तिन्ही उतारे एकाशेजारी एक ठेवून वाचता येतात. हे काम ही साइट सगळ्यात चांगलं करते.

शब्दाच्या खिडकीबद्दल एक इशारा. एका रूपाचे अनेक अर्थ निघत असतील तर यंत्र आकडेवारीवरून एक निवडतं आणि त्यावर वाचकांची मतंही मोजली जातात. कवितेत शेवटचा स्वर लोप पावलेली रूपं खूप. गेलेला स्वर कोणता, हे संदर्भाने ठरतं आणि तिथे यंत्र चुकतं. खिडकीतलं पहिलं उत्तर उचलून निबंधात टाकू नये. ओळ क्रमांक नेहमी ग्रीक मजकुरावरून द्यावेत; गद्य अनुवादात ते अंदाजे असतात, आणि कोरसच्या गीतांत जुन्या छपाईच्या ओळींप्रमाणे चालत असल्याने मध्येच उड्या मारतात.

बाकी दोन नाटककारांचं थोडक्यात. एस्किलसचा स्मिथकृत अनुवाद विश्वासू आहे, पण इंग्रजी इतकं जुनाट की 'ॲगमेम्नॉन' वाचताना दमछाक होते. युरिपिडीज विस्कळीत आहे: 'मेडिआ' कोव्हाक्सच्या आजच्या इंग्रजीत, तर 'बॅकी' बकलीच्या १८५० च्या. 'बॅकी'च्या शेवटाकडे, १३२९ नंतर, ॲगावीच्या विलापाचा मोठा तुकडा हरवलेला आहे. नाटकाचा उत्तरार्ध एकाच हस्तलिखितावर उभा असल्याने तो भरून काढता येत नाही. त्यात काय होतं याचा अंदाज एका बायझंटाइन रचनेत उसन्या घेतलेल्या ओळींवरून बांधतात. 'मेडिआ'त १०५६ ते १०८० हा मुलांना मारू की नको असा प्रसिद्ध हेलकावा ऑक्सफर्डच्या १९८४ च्या आवृत्तीत डिगलने पूर्ण कंसात टाकलाय, म्हणजे तो युरिपिडीजचा मानलेला नाही. कोव्हाक्स त्यातला थोडाच भाग कंसात घालतो. नटीचं सगळ्यात मोठं स्वगत तेच असल्याने तालमीआधी हे माहीत असलेलं बरं.

काय नाही, तेही सांगायला हवं. जेबनंतरचं शतकभराचं काम, म्हणजे नॉक्स, व्हेर्नाँ, रंगमंचीय हालचालींवरचं टॅपलिनचं लेखन, इथे नाही. तीन नटांत भूमिका कशा वाटल्या असतील याचा विचार नाही. साइट अधूनमधून मान टाकते, तेव्हा लागणारी पानं आधीच उतरवून ठेवावीत. मोबाइलवर ती वापरण्यात अर्थ नाही. स्काइफ ही २०१८ ची नवी आवृत्ती ग्रीक आणि इंग्रजी शेजारी-शेजारी स्वच्छ दाखवते, वाचायला तीच चांगली. जेबच्या टिपांसाठी मात्र जुन्याच साइटवर यावं.

संस्थांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. जेबचा मृत्यू १९०५ चा, त्यामुळे त्याच्या इंग्रजीवरून मराठी रूपांतर करायला कुणाची परवानगी लागत नाही. कोव्हाक्सचं तसं नाही. त्याचा अनुवाद १९९०च्या दशकातला आहे. स्पर्धेसाठी 'मेडिआ' घेणार असाल तर त्याचं इंग्रजी समजून घेण्यापुरतं ठेवा, आणि रूपांतराला आधार म्हणून हक्कमुक्त झालेला एखादा जुना अनुवाद घ्या.