थंब गार्ड, कडू नेलपॉलिश आणि कोपराची पट्टी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मुलाची अंगठा चोखायची सवय सोडवण्यासाठी काय विकत घ्यावं असं कोणी विचारलं, तर मी साधं क्रेप बँडेज सांगते. औषधाच्या दुकानात मिळतं तेच, मुरगळलेल्या पायाला बांधतात ते. तिथवर पोचायला आम्हाला चार महिने लागले.

जूनमध्ये लेक साडेचार वर्षांची होती. बाळ पोटात असल्यापासून अंगठा चोखतं आणि बरीचशी मुलं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान आपोआप सोडतात, म्हणून मी तोवर थांबले होते. पण तिला काकडीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडता येईना. दाताच्या डॉक्टरांनी तिला दात मिटायला सांगितले आणि आरसा धरला. दाढा नीट मिटलेल्या, पण पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये फट, आणि फटीतून जिभेचं टोक डोकावत होतं. ‘साखर’चं ‘थाखर’ का होतं तेही तेव्हा कळलं. पुढचे पक्के दात सहाव्या वर्षाच्या आसपास येतात, त्याआधी सवय सुटली तर अशी फट बऱ्याचदा आपली आपण भरून येते, असं डॉक्टर म्हणाल्या. टाळूला बसवायची तार हा अगदी शेवटचा उपाय.

आधी ऑनलाइन थंब गार्ड मागवलं. सिलिकॉनची टोपी आणि मनगटाला पट्टा. भोकं असली तरी डोंबिवलीच्या उकाड्यात आत घाम साचायचा, अंगठा सुरकुतून पांढरा पडायचा. तिला आधीच एकदा नखुरडं झालेलं, त्यामुळे मी दर तासाला काढून पुसत बसायचे. दिवसा टीव्हीसमोर त्याचा उपयोग झाला, हे मान्य. रात्री मात्र चौथ्या दिवशी ती दातांनी पट्टा सोडवायला शिकली, आणि दोन्ही हातांना घातलं तर पाणी प्यायलाही कोणीतरी लागायचं. दीड महिन्यात कडेला दाताच्या खुणा दिसल्या. तुकडा तुटून घशात गेला तर, या भीतीने मी ते बंद केलं.

मग कडू नेलपॉलिश. त्यात डेनाटोनियम बेन्झोएट असतं, अतिशय कडू. स्पिरिट कोणी पिऊ नये म्हणूनही तेच घालतात. पहिल्या रात्री तिने तोंड वाकडं केलं आणि अंगठा बाहेर काढला. मला वाटलं, जमलं! दुसऱ्या दिवशी तिने वरणभात कालवला आणि पहिला घास तोंडात घालताच ताट ढकलून रडायला लागली. सगळा भात कडू. आपल्याकडे मूल हाताने जेवतं, याचा विचार त्या बाटलीवर कुठेच नाही. चमच्याने भरवलं, तर रात्री ती कडूपणा संपेपर्यंत चोखून पुढे चालू ठेवायची. सासूबाईंनी कडुनिंबाचा पाला वाटून लावून पाहिला, त्याचंही तेच. मिरची कोणी सुचवली तर कृपा करून ऐकू नका, तो हात झोपेत डोळ्याला जातो.

ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनीच पट्टीचं सुचवलं. रात्री झोपताना क्रेप बँडेज कोपराच्या वर-खाली चार-चार बोटं सैलसर गुंडाळायचं. आत माझं एक बोट सहज जाईल इतकं सैल, आणि दहा मिनिटांनी बोटं गार किंवा निळसर नाहीत ना ते बघायचं. हात बांधलेला नसतो, हवा तसा हलतो. मी पहिल्या रात्री शेजारी जागी होते. अर्धवट झोपेत तिचा हात तोंडाकडे निघाला, कोपर दुमडला, पट्टी ताणली. अंगठा ओठांना लागला, एक-दोनदा चोखला, आणि झोप गाढ होताच हात आपोआप सरळ होत गादीवर उतरला. मला भरून आलं.

पण तिच्या संमतीशिवाय हे चाललं नसतं, असं माझं ठाम मत आहे. पट्टी कोणत्या हाताला हे ती ठरवायची, टोक तीच चिकटवायची. सकाळी अंगठा कोरडा असेल तर कालनिर्णयवर चांदणी. ओला असेल तर काही बोलायचं नाही, हे घरात सगळ्यांना बजावलं होतं. दिवाळीत गावी मोठ्या भावंडांनी चिडवलं आणि चार दिवस दिवसाढवळ्या अंगठा परत तोंडात. पुढे तापातही तसंच. त्या दिवसांत मी पट्टीचा विषयच काढला नाही, नुसती जवळ घेऊन झोपवलं. बरी झाल्यावर तिनेच विचारलं, "आई, माझी पट्टी कुठेय?"

डिसेंबरच्या मध्यापासून अंगठा तोंडात गेलेला नाही. जानेवारीत पट्टी सुटली, आता झोपताना गोधडीचा कोपरा मुठीत लागतो, तो मी राहू दिलाय. पेरावरचा घट्टा मऊ झालाय. फट अजून आहे, पण कमी झाली. परवा तिने काकडी पुढच्या दातांनी तोडली आणि तो तुकडा डॉक्टरांना दाखवायचा म्हणून डब्यात भरून ठेवला.