नौपाड्यातील कामगार कायद्याचा शनिवारचा वर्ग

ठाण्याच्या नौपाड्यात शनिवारी संध्याकाळी भरणारा कामगार कायद्याचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. वागळे इस्टेटमधील युनियनच्या कार्यकर्त्यांनी तो अवश्य करावा, असे माझे ठाम मत आहे.

या वर्गाचे खरे बळ दिसते ते अमेरिकेतील एकाच निकालाला दिलेल्या संपूर्ण सत्रात. युनियनचे काम केले म्हणून जोन्स अँड लॉफलिन या पोलाद कंपनीने पेनसिल्व्हेनियातील अलिक्विपाच्या कारखान्यातून कामगारांना काढून टाकले होते. अमेरिकी संसदेला अधिकार आहे तो राज्याराज्यांमधील व्यापारावर, कारखान्यातील उत्पादन ही स्थानिक बाब आहे, त्यामुळे युनियन करण्याच्या हक्काला संरक्षण देणारा 1935 चा वॅग्नर कायदा आम्हाला लागूच होत नाही, असा कंपनीचा पवित्रा होता. सरांनी फळ्यावर नकाशा काढला: मिनेसोटा आणि मिशिगनमधून येणारे लोहखनिज, सरोवरांतून ते वाहणारी जहाजे, कोळशाच्या खाणी, मधोमध अलिक्विपा आणि तिथून इतर राज्यांत जाणारे पोलाद. हे बाण पाहिल्यावर तिथला संप कुठे कुठे व्यापार अडवील, हे वेगळे सांगण्याची गरज उरली नाही. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश ह्यूज यांनी हाच धागा धरला आणि 12 एप्रिल 1937 रोजी पाच विरुद्ध चार मतांनी कायदा टिकला.

"सर, काढलेल्या माणसांचं काय झालं?" असे मागच्या बाकावरून एका कामगाराने विचारले. त्यांना बुडालेल्या पगारासह परत घेण्याचा, वॅग्नर कायद्याखालील राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाचा आदेश न्यायालयाने कायम केला, हे सरांनी सविस्तर सांगितले. कायद्याच्या वर्गात असा प्रश्न बाजूला सारला जातो. इथे तसे झाले नाही, याचे मला विशेष कौतुक वाटते.

आपल्याकडे संघटनेचा हक्क थेट राज्यघटनेत असल्याने आणि कामगार हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्ये दोघांनाही कायदा करता येणाऱ्या विषयांत, असल्याने व्यापाराच्या वाटेने जावे लागत नाही. मात्र त्या हक्कात परिणामकारक वाटाघाटींची हमी येत नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्येच म्हटले आहे. ही तुलनाही उत्तम झाली.

उणीव आहे ती महाराष्ट्राच्या 1971 च्या एमआरटीयू, म्हणजे युनियनची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा यांविषयीच्या, कायद्याबाबत. मान्यतेसाठी लागणारी सलग सहा महिन्यांची 30 टक्के सदस्यसंख्या कशी सिद्ध करायची, हा इथल्या युनियनपुढचा रोजचा प्रश्न शेवटच्या अर्ध्या तासात उरकला गेला. टिपणेही केवळ इंग्रजीत मिळतात. ती मराठीत द्यावीत, अशी लेखी विनंती आम्ही काही जणांनी केली आहे.