रुळांखाली काय घालावं: प्लाय की फ्लश डोअर?

मॉडेल रेल्वे करताना इंजिन कुठलं घ्यावं यावर आपण सहा महिने काढतो आणि रूळ ज्यावर मांडायचे त्या बोर्डाचं मात्र ‘सुताराला सांगू’ म्हणून मोकळे होतो. मी दोन्ही वाटांनी गेलोय. पहिला लेआउट, म्हणजे रूळ-घरं-झाडांचा सगळा पसारा, फ्लश डोअरवर (खोलीच्या सपाट लाकडी दारावर) केला आणि पाच-सहा वर्षं चालवला. आताचा प्लायवर आहे. दोन्ही एन गेजचे (छोट्या मापाच्या गाड्यांचे), दोन्ही पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधले. माझा अनुभव तेवढ्यापुरताच आहे.

एचओवाल्यांनी, म्हणजे एनपेक्षा मोठ्या मापाच्या गाड्या चालवणाऱ्यांनी, एक आधीच ऐकून ठेवावं. ३ फुटी दारावर १८ इंची त्रिज्येचा पूर्ण गोल बसत नाही. रुळाच्या मध्यापासून मध्यापर्यंतच ३६ इंच होतात, म्हणजे रुळांखालचे अर्धे स्लीपर दोन्ही कडांना हवेत. गाडी गोल फिरायला हवी असेल तर तुमचा प्रश्न इथेच मिटला, पुढचं करमणूक म्हणून वाचा.

दाराची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. ७ बाय ३ चं दार आणलं, दोन घोड्यांवर टाकलं की त्याच संध्याकाळी रूळ मांडायला घेता येतात. सुतार नको, फ्रेम नको, भुसा नको. आत लाकडी पट्ट्या गच्च भरलेल्या असल्यामुळे गाडी चालताना आवाज घुमत नाही. बाक म्हणाल तर माझ्या दारानं पाच पावसाळ्यांत मला कळेल इतकासुद्धा घेतला नाही. नवं घ्यायची गरजही नाही. शहरात जुन्या इमारती पाडणं चालूच आहे, त्यांची दारं जुन्या लाकूड-सामानाच्या वखारींत रांगेनं उभी असतात. कडी-कुलपाचं भोक आणि बिजागरीची खाच सोडली तर त्यांत काही वाईट नसतं. फक्त दार आडवं करून कडेनं ठोकून बघा. मैद्यासारखं पीठ गळलं तर आत कीड आहे, ते सोडून पुढं जा.

प्लाय म्हणजे मात्र कामाची रांग. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेलात तर पहिला प्रश्न ‘कमर्शियल की वॉटरप्रूफ?’ आणि दुसरा ‘किती शीट?’ एकच शीट हवी म्हटल्यावर चेहरे थोडे उतरतात, पण देतात. भाव चौरस फुटावर असतो आणि इतका हलता असतो की इथे आकडा लिहिण्यात अर्थ नाही. वर टेम्पो आला, हमाली आली, आणि ८ बाय ४ ची शीट आमच्या लिफ्टमध्ये शिरत नाही हेही आलं. त्यामुळे दुसऱ्या खेपेला मी घराजवळच्या प्लायच्या दुकानातून घेतलं. फुटामागे थोडे जास्त गेले, पण त्यांनी मशीनवर काटकोनात कापून ४ बाय २ चे चार तुकडे दिले आणि ते रिक्षातून घरी आले. मार्केटमध्ये वाचले असते तेवढे पैसे टेम्पोनंच खाल्ले असते, असा माझा अंदाज.

ग्रेडबद्दल दुकानदार तुम्हाला आयएस ७१० या मानकाच्या महागड्या मरीन प्लायकडे ढकलेल. घरातल्या लेआउटला त्याची गरज मला तरी पटली नाही. आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर (पाण्याला बऱ्यापैकी दाद न देणारा ग्रेड) पुरतो. शिक्क्यापेक्षा कडेकडे बघा. थर सलग दिसतात का, की मध्ये उंदराच्या बिळासारख्या फटी आहेत? त्या फटीत स्क्रू नुसता गरगरतो. आणि जोडून लावायचे सगळे बोर्ड एकाच शीटमधून कापून घ्या. मी पट्टी लावून बघितलं तेव्हा माझं १२ एमएम प्रत्यक्षात ११ च्या आसपास भरलं. त्याचं दुःख नाही, पण एक बोर्ड ११ चा आणि शेजारचा १२ चा निघाला तर एन गेजच्या डब्याला तो सांधा म्हणजे घाटच.

फ्रेमही लागतेच. पाइनच्या २ बाय १ इंची पट्ट्या, साधारण फुटाफुटावर आडव्या. ती टाळून प्लाय सपाट राहील असं समजू नका. आणखी एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. वरून छान रंग लावला, खालची बाजू कोण बघतंय म्हणून कोरी ठेवली. जुलैत खालून दमट हवा शोषली गेली, वरून रंगानं अडवली, आणि एक कोपरा चांगला बोटभर वर आला. आता दोन्ही बाजूंना आणि कडांना प्रायमर मारतो.

इथपर्यंत वाचून कोणीही दारच घेईल. मीही तेच घेतलं होतं.

माझी गोची झाली ती पॉइंट मोटरींवर. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तो पॉइंट, आणि बोर्डाखालून पिनेनं तो हलवते ती ही मोटर. दार ३० एमएम जाड. माझ्या मोटरींच्या पिना एवढ्या जाडीतून वर पोचेचनात. लांब पिनेच्या मोटरी मिळतात, त्या मागवल्या. मग भोकं. १२ एमएम प्लायला ड्रिल लावलं की ते जिथून शिरतं तिथूनच बाहेर येतं. दारात तसं नाही. वरचा पापुद्रा ओलांडला की बिट आतल्या दोन पट्ट्यांच्या फटीत उतरतं आणि फट नेईल तिकडे जातं. तीन नंबरच्या पॉइंटचं भोक वर बरोबर मध्यावर, खाली चांगलं ८ एमएम बाजूला. पिन तिरकी, त्यामुळे पॉइंट एका बाजूला पूर्ण बसतो आणि दुसऱ्या बाजूला केसभर उघडा राहतो. मालगाडीचा चौथा-पाचवा डबा नेमका तिथं उतरणार. भोक मोठं केलं, पट्टी भरून परत पाडलं, बिट पुन्हा त्याच फटीत. शेवटी मोटर काढून टाकली आणि मुलाला सांधेवाला नेमलं. तो दहावीला गेल्यावर तीही सोय संपली.

त्यात प्रत्येक वेळी खाली बघायचं म्हणजे तीसेक किलोचं दार वरच्या झाडांसकट, घरांसकट उभं करायचं. माझा मेहुणा दोनदा आला, तिसऱ्यांदा त्याला काम निघालं. ४ बाय २ चा बोर्ड मी एकटा काखेत धरून गॅलरीत नेतो आणि उजेडात सोल्डर करतो.

कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वेसारखा एकदा बसवलेला, जागचा न हलणारा पसारा असेल तर वजनाचा मुद्दा गळून पडतो. पॉइंट हातानं बदलणार असाल किंवा वरून बसणाऱ्या मोटरी चालत असतील तर भोकांचाही गळतो. मग दार घ्या, मी अडवणार नाही. अशा तीन-चार लोकांना मी स्वतः दारच सुचवलंय. पण खालून वायरिंग करायचं आहे, घर भाड्याचं आहे, कधीतरी लेआउट उचलून दुसरीकडे न्यायचा आहे, यातलं एक जरी असेल तरी सुताराचे दोन दिवस सोसून मी प्लायकडेच जाईन.

चारातले तीन तुकडे लेआउटला लागले. चौथा बायकोनं इस्त्रीसाठी घेतलाय आणि तो परत मिळेल असं वाटत नाही. विस्तार करायची वेळ आली की पुन्हा शीट घ्यावी लागेल. फक्त या वेळी पावसाळ्यात नाही, दिवाळीनंतर.