हमस, ग्वाकामोले की त्झात्झिकी: पाहुण्यांसाठी काय करावे?

संध्याकाळी दहा-बारा पाहुणे येणार आहेत, पिटा ब्रेड आणि मक्याचे चिप्स आणून ठेवले आहेत आणि त्यांच्यासोबत लावून खायला एकच काहीतरी घरी करायचे आहे, अशा वेळी हमस, ग्वाकामोले आणि त्झात्झिकी यांतून निवडताना बहुतेक जण आधी चवीचा विचार करतात. माझ्या मते आधी विचार करावा तो वेळेचा, कारण चवीला तिन्ही उत्तम असले तरी करून ठेवल्यावर ते सारखेच टिकत नाहीत.

आदल्या दिवशीच काम उरकायचे असेल, तर हमसला पर्याय नाही. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन या पट्ट्यातल्या या पदार्थाचे पूर्ण अरबी नाव ‘हुम्मुस बि ताहिना’, म्हणजे तिळाच्या वाटणासह काबुली चणे, असे आहे. या पदार्थाविषयी तिथे केवढा अभिमान आहे, हे २०१० साली लेबनॉनमध्ये केलेल्या १०,४५२ किलोच्या विक्रमी हमसवरून कळते, कारण तो आकडा देशाच्या क्षेत्रफळाच्या चौरस किलोमीटरांइतका मुद्दाम निवडलेला होता. चणे रात्रभर भिजवून, चिमूटभर खाण्याचा सोडा घालून, बोटांत सहज चिरडतील इतके मऊ शिजवावेत. इथे घाई केली, तर वाटण कितीही फिरवले तरी रवाळच राहते. ताहिनीत, म्हणजे तिळाच्या या वाटणात, लिंबाचा रस पडताच ती एकदम घट्ट गोळा होते आणि नवख्या माणसाला बिघडल्यासारखे वाटते, पण चमचा-चमचा बर्फाचे पाणी घालून घोटत राहिल्यास तीच ताहिनी पांढरट आणि लोण्यासारखी हलकी होते. फ्रिजमध्ये हमस तीन-चार दिवस चांगले राहते. पाहुण्यांपैकी कोणाला तिळाची अ‍ॅलर्जी आहे का, एवढे मात्र आधी विचारून घ्यावे.

ग्वाकामोलेचे गणित नेमके उलटे आहे. मेक्सिकोतल्या या पदार्थाच्या नावातले नाहुआत्ल या तिथल्या मूळ भाषेतले शब्द अ‍ॅव्होकाडो आणि वाटण किंवा रस्सा या अर्थाचे आहेत, आणि तिथे तो आजही ज्वालामुखीच्या दगडाच्या मोल्काहेते नावाच्या तीनपायी खलात कुटतात. आपल्या घरी खलबत्ता असेल, तर मिरची, कांदा, कोथिंबीर आणि मीठ आधी त्यात ठेचून मग गर कुस्करावा. मिक्सरमधून काढलेला एकजीव लगदा मला मुळीच पटत नाही. अडचण अशी की कापलेल्या गराला हवा लागली की त्यातल्या विकरांमुळे (एन्झाइम) तो काळवंडू लागतो, आणि लिंबाने ते लांबते, थांबत नाही. शिवाय अ‍ॅव्होकाडो महाग असतात आणि खरेदीच्या दिवशी नेमके पिकलेले मिळतीलच असे नाही, म्हणून चार-पाच दिवस आधी कडक फळे आणून घरी पिकवावी लागतात. पाहुणे बसल्यावर पंधरा मिनिटे स्वयंपाकघरात जाणे तुम्हाला चालणार असेल, तरच याच्या वाटेला जावे. तसे जमले, तर ताज्या ग्वाकामोलेपुढे बाकीचे दोन्ही फिके पडतात, हेही मान्य केले पाहिजे.

ग्रीसमधील त्झात्झिकी, म्हणजे घट्ट दही आणि काकडीचा पदार्थ, या दोहोंच्या मधली आहे. आपल्याकडे चक्का सहज मिळत असल्यामुळे तिचे निम्मे काम आधीच झालेले असते. मात्र दुकानातला चक्का आंबट असेल, तर व्हिनेगर हात राखून घालावे. किसलेल्या काकडीला मीठ लावून दहा मिनिटांनी ती फडक्यात घट्ट पिळावी, इतकी की शेवटी मुठीत कोरडा, खुटखुटीत गोळा उरावा. हे न केल्यास तासाभरात वाडग्यात पाणी सुटते आणि पदार्थाची कोशिंबीर होते. लसूण, ऑलिव्ह तेल आणि शेपू घालून ती दुपारी करून ठेवावी, म्हणजे संध्याकाळपर्यंत लसूण मुरतो. जेवणात कबाब किंवा मसालेदार भाजलेले पदार्थ असतील, तर हमसऐवजी हीच करावी, कारण तिखटानंतर जिभेला थंडावा देण्याचे काम हमसला जमत नाही.